तात्पुरता निवारा, पण कोकणातल्या पावसाचा – किट नेमकं कसं असावं?

पत्रेवाला दापोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतोय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझं दापोली तालुक्यात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेड, छपरं हीच कामं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी महिनाभर नुसता लोकांच्या छपरांवर होतो. तेव्हा एक गोष्ट बघितली ती अजून डोळ्यासमोरून जात नाही. एका घराचे सगळे पत्रे उडालेले, पण जे-हूक (पत्रा धरणारे आकडे) जागच्या जागी, रिपेला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला, घट्ट. मग पत्रा गेला कसा? शेजारच्या वाडीत माडाला गुंडाळलेला पत्रा सापडला, तो बघितला तर हुकाचं गोल भोक बोटभर लांब चिरलं होतं. खारी हवा, वायसर कधीच कुजून गेलेला, भोकाभोवती गंज, आणि वाऱ्याने पत्रा वरखाली वरखाली करून तेवढीच जागा फाडलेली. म्हणजे छप्पर तुटलं नाही, फक्त सुटलं.

त्यानंतर लोक ताडपत्रीखाली राहिले. जून महिना, आपला पाऊस. कोणी तरी मदतीचे पैसे दिले म्हणून मी आठ-दहा कुटुंबांना पाइप नि पत्र्याच्या शेड घाईघाईने उभ्या करून दिल्या. त्यात माझ्या दोन चुका झाल्या त्या सांगतो, दुसऱ्या कोणी करू नयेत म्हणून. एक, उतार कमी ठेवला, पत्रा वाचावा म्हणून. दोन, जोतं केलं नाही, म्हटलं तात्पुरतं तर आहे. जुलैत एका घरी गेलो तर म्हातारी खाटेखाली चार विटा लावून बसली होती, जमिनीतून पाणी पाझरत होतं, चूल विझलेली, वर उतार कमी म्हणून पत्र्याच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. आणि ती "तात्पुरती" शेड किती टिकली? त्यातल्या दोन शेडींत अजून माणसं राहतायत.

तेव्हापासून माझं म्हणणं पक्कं झालंय. आपल्याकडे निवाऱ्याचं किट म्हणजे भिंतींची पॅनेल नव्हेत. किट म्हणजे जोतं धरणारे पाय आणि न सुटणारं छप्पर. भिंती लोक करतात, कुडाच्या करतील, झापाच्या करतील, पडलेल्या घराच्या दारं-खिडक्या लावतील. छप्पर नि नांगर, म्हणजे घर जमिनीला धरून ठेवणारा पाया, त्यांना करता येत नाही, तिथे पैसा घालायला हवा. आणि उद्या पक्कं घर झालं की तेच छप्पर त्यावर चढवता आलं पाहिजे, नाहीतर भंगारात जातं.

आकार मी १२ बाय १६ फूट धरलाय. मदतकार्याचे जे स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात माणशी निदान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा सांगितली आहे, पाच माणसांचे साडेसतरा होतात, आणि १२ बाय १६ म्हणजे जवळजवळ तेवढंच. एकही तुकडा १० फुटांपेक्षा लांब नाही, म्हणजे पिकअपचं मागचं फळकं पाडून बसतो, आणि एकही तुकडा दोन माणसांना पायवाटेने उचलून नेता येणार नाही एवढा जड नाही. सगळं बोल्टिंग, जागेवर वेल्डिंग नाही, कारण वादळानंतर कित्येक आठवडे लाइट नसते हे आपण बघितलंय. सहा खांब, तीन कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी), सांगाडा ३०० किलोच्या आत बसवायचाय.

अडलंय ते नांगरावर आणि छपराच्या आकारावर. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा.

सड्यावरून

दादा, भोक चिरण्याचं अगदी बरोबर. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, रत्नागिरीचा. आकडे मांडतो म्हणजे नांगराचं बोलता येईल. वाऱ्याचा दाब काढायचा आपल्या आयएस ८७५ भाग ३ (इमारतींवरच्या वाऱ्याच्या जोराचा भारतीय कोड) मधला नियम सोपा आहे, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किमी होता. ११० धरा, म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर, दाब येतो चौरस मीटरला साधारण ५७ किलो. तुमची खोली १२ बाय १६, पण चारी बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली तर छप्पर १६ बाय २०, म्हणजे ३० चौरस मीटर. उचलीचा गुणक १ धरला तर सगळी उचल १,७०० किलो. आणि तुमच्या पत्र्याचं स्वतःचं वजन? दीडशे किलोच्या आसपास. सांगाडा धरून साडेचारशे. उरलेले साडेबाराशे किलो जमिनीने धरायचे आहेत. आणि हे ११० ला. डिझाइन करताना कोड आमच्या रत्नागिरीकडे ३९ मीटर प्रति सेकंद धरायला सांगतो, म्हणजे ताशी १४० किमी, तिथे दाब ९३ किलोवर जातो. वेग सव्वापट झाला की जोर दीडपटीच्याही वर जातो.

आता उताराचं. कमी उताराचा पत्रा वाऱ्याला विमानाच्या पंखासारखा वागतो, वारा वरून घसरत जातो नि पत्रा वर ओढला जातो. १० अंशाला वाऱ्याकडच्या पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) ओढ सगळ्यात जास्त, ३० अंशाला त्याच पाख्यावरची ओढ जवळजवळ संपते. आपल्या जुन्या कौलारू घरांचा उतार आठवा, आजोबांनी कोड वाचला नव्हता पण उतार बरोबर होता. पाऊसही ओघळून जातो. तेव्हा ३० अंशांखाली येऊच नका, पत्रा थोडा जास्त लागला तरी चालेल.

पुणेकर प्रीफॅब

चांगला धागा. पण एक प्रामाणिक प्रश्न, हे सगळं करण्यापेक्षा तयार पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) केबिन का नकोत? फॅक्टरीत बनतात, ट्रकने येतात, दोन तासांत उभ्या. साइटवर कामगारांसाठी आम्ही नेहमी देतो. तळियेच्या दरडीनंतर (जुलै २०२१), इर्शाळवाडीनंतर (जुलै २०२३) लोकांना कंटेनरमध्येच ठेवलं होतं ना?

पत्रेवाला दापोली

ठेवलं होतं, आणि त्या वेळी डोक्यावर कोरडं छप्पर मिळालं हे मोठंच होतं, त्याला नावं ठेवत नाही. पण माझे अडथळे ऐका. २० फुटी केबिन ट्रेलरवरून येते आणि उतरवायला क्रेन लागते. आमच्या निम्म्या वाड्यांना शेवटचा अर्धा किलोमीटर पाखाडी आहे, चिऱ्यांच्या पायऱ्या, तिथे बैलगाडी जात नाही. दुसरं, मे महिन्यात लोखंडी डब्यात दुपारी बसून बघा, आमची हवा दमट, घाम सुकत नाही, आतल्या बाजूने पहाटे पाणी सुटतं. तिसरं, चूल. गॅस भरून आणायला पैसे नसतात तेव्हा बाई चूलच पेटवणार, नि थर्माकोल-फोमच्या भिंतीजवळ चूल म्हणजे मला झोप लागणार नाही. स्वीडनमध्ये बेटर शेल्टर म्हणून घर केलंय ना, साडेसतरा चौरस मीटरचंच, खोक्यात सपाट येतं, मला ते फार आवडतं, पण झुरिक शहराने २०१५ मध्ये आगीची चाचणी घेतल्यावर ती घरं वापरायचं थांबवलं होतं. तेव्हा आपण भिंतीत काय भरतो ते बघायलाच लागेल.

पुणेकर प्रीफॅब

पाखाडीचा मुद्दा मान्य, आम्ही कधी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा विचारच केला नव्हता, रस्त्यापर्यंत माल पोचला की आमचं काम संपतं. फोमऐवजी रॉकवूल भरलेली पॅनेल असतात, ती जळत नाहीत पण जड आणि महाग. फास्टनरबद्दल मात्र आमच्या अनुभवातून सांगतो: जे-हूक सोडा, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरा, काळ्या ईपीडीएम रबराच्या वायसरसकट, आणि कडेच्या दोन ओळींत प्रत्येक उंचवट्यावर एक. मधे एकाआड एक चालेल. पत्रा घेताना जस्ताचा थर विचारा, साधा बाजारातला १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम) असतो, समुद्राजवळ २७५ घ्या. स्क्रूचा खर्च वाढतो पण दादांनी सांगितलेली ती बोटभर चीर पडणार नाही.

नाखवीण

मी हर्णे बंदराकडची, लिहायची सवय नाही तरी लिहिते. आमच्याकडे ताडपत्री नुसती कधीच बांधत नाहीत, वर जुनं जाळं टाकतात आणि जाळ्याच्या कडा दोरीने दगडांना बांधतात. ताडपत्री फाटते ती कड्यांपाशी, सगळा जोर त्या चार भोकांवर येतो. जाळं टाकलं की जोर सगळ्या अंगावर वाटला जातो आणि रात्रभर ती फडफड ऐकू येत नाही. त्या वर्षी आमच्या पोरांना फडफडीनेच झोप नव्हती. तुमच्या पत्र्यावरपण जाळं टाकता येईल ना पहिल्या पावसाळ्यात?

आणि भाऊ, १२ बाय १६ मध्ये पडवी कुठे आहे? आमचं अर्धं आयुष्य पडवीत जातं. मासळी निवडायची, जाळं विणायचं, ओले कपडे, पाट्या, सगळं तिथे. पडवी नसली की सगळा वास नि ओल घरात. आणि आतून कडी लागणारं दार पहिल्या दिवशी पाहिजे, पडदा नको. तेव्हा शाळेत राहिलो होतो चार कुटुंबं एका वर्गात, वयात आलेल्या पोरींना कपडे बदलायला अंधार पडायची वाट बघायला लागायची. हे कुठल्या नकाशात नसतं म्हणून मुद्दाम सांगते.

सड्यावरून

ताई, जाळ्याचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे, जोर पसरवणं हेच सगळ्या नांगरांचं काम. पत्र्यावरही चालेल, फक्त खालचं टोक खांबाच्या पायाला बांधा, वेगळ्या सुट्या दगडाला नको.

पडवी पाहिजेच, पण माझी एक कळकळीची विनंती आहे. पडवीचं छप्पर मुख्य छपराच्याच पत्र्याचं लांबवू नका. वारा पडवीत खालून शिरतो, तिथे कोंडतो नि वर ढकलतो. पत्रा अखंड असला तर पडवी उठताना घराचं छप्पर सोबत घेऊन जाते. निसर्गनंतर मी जी घरं बघितली त्यात हे परत परत दिसलं. पडवी एक वीत खाली, स्वतःच्या खांबांवर, वेगळ्या रिपांवर. गेली तर एकटी जाईल, घर राहील. वळचणही मग बाकी तीन बाजूंना दीड फुटावर आणा.

कुडाळचा बांबू

आमच्याकडे पण म्हातारी माणसं हेच सांगतत, वारो खालसून शिरता, वरसून नाय.

धागा वाचून बरं वाटलं. लोखंडावर सगळे बोलताहेत, बांबूचं मी बोलतो, कुडाळला कोनबॅकसारखी संस्था बरीच वर्षं बांबूच्या बांधकामाचं काम करतेय, म्हणजे ही काही हवेतली गोष्ट नाही. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू घरोघरी आहे, जवळजवळ भरीव, सरळ, काटे नाहीत. कैच्या, रिपा, भिंतीच्या तट्ट्या सगळं त्यात होतं आणि पैसा गावात राहतो. २०१७ ला वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, त्यामुळे आपल्या जमिनीतला तोडायला नि न्यायला पूर्वीसारखी कटकट नाही.

पण बांबू बदनाम होतो तो तीन कारणांनी. कोवळा तोडतात, तीन-चार वर्षांचा पाहिजे. प्रक्रिया करत नाहीत, मग भुंगेरा लागतो, सकाळी अंथरुणावर पिवळं पीठ पडलेलं दिसतं, वर्षभरात बांबू आतून पोकळ. बोरिक ॲसिड नि बोरॅक्स १ ला १.५ या प्रमाणात, पाण्यात पाच टक्क्यांपर्यंत, बांबूच्या गाठी लांब सळीने आतून फोडून टाकीत बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत सुकवायचे. सोपं आहे, पण ते मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणून बांबू वळचणीच्या आतच हवा, उघड्यावर नको आणि पाय जमिनीत पुरायचा तर अजिबात नको. आणि तिसरं, पेऱ्याच्या मधोमध भोक पाडून बोल्ट कसला की बांबू उभा चिरतो. बोल्ट गाठीच्या जवळ, आणि ते पेर पोकळ असेल तर आतून सिमेंटच्या मसाल्याने भरून.

माझं मत, दादा, पाय लोखंडी ठेवा, छपराच्या कैच्याही ठेवा हवं तर, पण रिपा नि भिंती बांबूला द्या.

पत्रेवाला दापोली

हे मला पटलं. रिपा बांबूच्या केल्या तर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू धरेल का हा प्रश्न आहे, पोकळ बांबूत पकड मिळणार नाही. पत्रा धरायला लोखंडी रिपाच ठेवतो, भिंती नि पत्र्याखालची तट्टी बांबूची. पत्र्याखाली सहा इंचांवर तट्टी आणि आढ्याला फट ठेवली की गरम हवा वर निघून जाते, पावसाचा आवाजही निम्म्यावर येतो, माझ्या वर्कशॉपवर करून बघितलंय.

आता नांगर. मातीची जागा असेल तर दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, काँक्रीट साधारण ५४० किलो, सहा खड्ड्यांचं सव्वातीन टन, हिशोब बसतो. पण दोन अडचणी. वादळानंतर वाळू-सिमेंट मिळत नाही, आणि जागा दुसऱ्याची असली तर मालक काँक्रीट ओतू देत नाही. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तर खड्डाच होत नाही.

वाडीशाळा

मी रायगडमध्ये कातकरी वाडीवर शिकवते. जागेचा मुद्दा निघाला म्हणून लिहितेय, हाच आमच्याकडचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. वाडी दोन-तीन पिढ्या तिथे आहे पण सातबारा दुसऱ्याचा. पीएम जनमन या केंद्राच्या योजनेत २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कातकऱ्यांना घरासाठी २ लाख ठरले, पण घर बांधायचं तर जागेचा प्रश्न आधी येतो. आणि ज्यांचं घर नाही त्यांचं वादळात काय मोजणार? आपत्ती निधीच्या निकषात झोपडी गेली तर आधी ४,१०० होते, २०२२ ला ८,००० झाले. एवढ्यात जे उभं राहतं ते परत कुडाचंच.

पण कुडाला कमी लेखू नका हं. कारवीच्या काठ्या, बाहेरून-आतून शेणमातीचं सारवण, उन्हाळ्यात माझ्या स्लॅबच्या शाळेपेक्षा त्यांच्या घरात गार असतं. अडतं ते छपरापाशी. दरवर्षी पेंढा किंवा प्लॅस्टिक बदलायचं आणि त्याच काळात मजुरी नसते. शिवाय दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जाते ती थेट पावसाच्या तोंडावर येते, परत येऊन बघतात तर छप्पर कोणी काढून नेलेलं.

म्हणून तुमची कल्पना मला फार जवळची वाटली, पक्के पाय नि पक्कं छप्पर, भिंती त्यांच्या. बोल्ट काढून दुसरीकडे नेता आलं तर जागेवरून उठवलं तरी निदान छप्पर त्यांचं राहील. फक्त बोल्ट असे द्या की बाहेरून सहज काढता येणार नाहीत.

पत्रेवाला दापोली

ताई, शेवटचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. डोकं गोल नि नट आतल्या बाजूने, पाना आतूनच लागेल असं करतो.

गच्चीवरची आर्किटेक्ट

मूळची गुहागरची. नांगराबद्दल एक जुनं उदाहरण. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं केली, त्यांचा पाया म्हणजे वाळू भरलेले बिअरचे क्रेट. २००१ ला भुजला क्रेट मिळेनात तर पडलेल्या घरांचा राडारोडा भरून जोतं केलं, वर मातीची भुई. काँक्रीटच नव्हतं.

आपल्याकडे पडलेल्या घराचं काय उरतं? चिरे. एक जांभा चिरा तीस किलोच्या आसपास. खांबाच्या तळाला लोखंडी जाळीची पेटी केली आणि तीत पंधरा चिरे गडग्यासारखे कोरडे रचले तर साडेचारशे किलो, सहा खांबांचे नव्वद चिरे, २,७०० किलो. उद्या जागा सोडली तर पेटी उघडायची, चिरे घरबांधणीला मोकळे.

सड्यावरून

हे उत्तम आहे! साडेबाराशेच्या दुपटीपेक्षा जास्त वजन आहे, आणि १४० च्या वाऱ्यालासुद्धा उचल २,८०० च्या आसपास येते, त्यातून सांगाड्याचे साडेचारशे गेले की पुरतं, पण काठावर. चिरे दहा-वीस तुटके असणारच, तेव्हा खांबाला अठरा घ्या. दोन अटी. खांबाची तळपट्टी चिऱ्यांच्या खाली पाहिजे, वर ठेवून उपयोग नाही, म्हणजे चिरे पट्टीवर बसले पाहिजेत. आणि सहाही पेट्या एकमेकींना खालून अँगलने जोडा, वाऱ्याकडचा खांब एकटा उचलला जातो, तेव्हा बाकीच्यांनी धरलं पाहिजे. मग त्या अँगलच्या चौकटीत मातीचा भराव टाकून चोपला की तेच जोतं, दीड फूट उंच. तुमचा म्हातारीच्या खाटेचा प्रश्न पण त्यातच सुटतो.

सड्यावर सुद्धा हेच चालेल, खणायलाच नको. फक्त पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) वाटेवर आणि डोंगर कापलेल्या जागेच्या पायथ्याशी एकही उभारू नका, तिथे कुठलाच नांगर कामाचा नाही.

पत्रेवाला दापोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्कशॉपमध्ये पेटीचा नमुना कापला, दोन फूट बाय दोन फूट, उंची अठरा चिरे बसतील एवढी, २५ च्या अँगलमध्ये वेल्डमेश. वाडीशाळा ताई, पहिला नमुना तुमच्या वाडीवर उभारू का? पावसाच्या आधी, म्हणजे एक अख्खा पावसाळा बघता येईल. ज्यांच्याकडे उभारायचं त्यांनाच आधी विचारा, दार कुठल्या दिशेला, चूल कुठे, हे त्यांनी ठरवायचं. कुडाळवाले दादा, तट्ट्या तुमच्याकडून घेतो, प्रक्रिया केलेल्याच पाठवा, आठ बाय चारच्या चौदा.

वाडीशाळा

विचारलं. तीन घरांनी हो म्हटलंय, त्यातलं एक एकट्या बाईचं आहे, दोन मुलं. ती म्हणाली चूल पडवीतच पाहिजे पण पावसाच्या उलट बाजूला, नैऋत्येला नको. आणि एक कोपरा कोंबड्यांना.

नाखवीण

भाऊ, दार अडीच फुटांचं करू नका, साडेतीन करा. डोक्यावर पाटी घेऊन वाकून आडवं शिरायला लागतं नाहीतर, नि मयतीला खाट बाहेर काढता येत नाही. जुनं जाळं मी पाठवते, तीन छपरांना पुरेल एवढं आहे, फक्त न्यायला कोणीतरी या.

पत्रेवाला दापोली

साडेतीन केलं. रविवारी सकाळी पिकअप घेऊन बंदरावर येतो.